न संपणारे नऊ आणि पूर्ण एक

१. अडणारा प्रश्न

दशांश चिन्हानंतर नऊ लिहिला, त्यापुढे आणखी एक नऊ, त्यापुढे आणखी एक, आणि हे कधीच थांबवले नाही, तर ०.९९९… ही संख्या नेमकी किती? शाळेत अखंड आवर्ती दशांशाचे अपूर्णांकात रूपांतर करण्याची एक रीत शिकवतात. त्या रीतीने ०.७७७… चे उत्तर ७/९ येते आणि वर्गात कोणाला त्याचे काही वाटत नाही. तीच रीत ०.९९९… ला लावली की उत्तर ९/९, म्हणजे १ येते आणि तिथे मुले थबकतात. जवळजवळ एक म्हणा ना, बरोबर एक कसे? नऊ कितीही लिहिले तरी सुरुवातीला शून्य आहे ते आहेच. मग शून्याने सुरू होणारी संख्या एक कशी होईल? मोठी माणसेही हाच प्रश्न विचारतात आणि 'नियमच तसा आहे' एवढ्या उत्तरावर त्यांची बोळवण होते. ही बोळवण मला मान्य नाही. प्रश्न चांगला आहे, त्यामागची शंका खरी आहे, आणि या शंकेचा नीट पाठपुरावा केला तर आपण रोज वापरतो ती अंकलेखनाची पद्धत मुळात काय आहे हे कळते.

या प्रकरणात मी एकच गोष्ट पटवून देणार आहे. संख्या आणि ती लिहिण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०.९९९… आणि १ या दोन वेगळ्या संख्या नाहीत, एकाच संख्येची ती दोन लेखी रूपे आहेत. एका संख्येला दोन रूपे मिळणे हा अपघात नाही. अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरवायची असे एकदा मान्य केले की ते टाळता येत नाही. म्हणून सुरुवात त्या पद्धतीपासूनच करू. ती जिथे दगडात कोरलेली आजही पाहता येते, ती जागा ग्वाल्हेरला आहे.

२. फुलबागेची मापे

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाला महादजी शिंदे आठवतात, लष्कर आठवते, ख्यालगायकी आठवते. तिथल्या किल्ल्यावर चढणाऱ्या पूर्वेकडच्या वाटेवर अखंड खडकातून कोरलेले विष्णूचे एक लहानसे देऊळ आहे, चतुर्भुज मंदिर. प्रतिहार राजा मिहिरभोज याच्या काळात अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते कोरवून घेतले. देवळातल्या एका शिलालेखावर संवत ९३३ असे साल आहे, म्हणजे इसवी सन ८७६. मजकूर दानाचा आहे: देवाच्या फुलांसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेची जमीन दिली, आणि रोज ५० माळा मिळाव्यात अशी व्यवस्था लावली. साल, लांबी, रुंदी आणि माळा या सगळ्या संख्या अंकांत कोरल्या आहेत. २७० आणि ५० मधले शून्य आज आपण काढतो तसेच लहानसे वर्तुळ आहे.

जगातले सर्वात जुने शून्य म्हणून या लेखाचा उल्लेख फार वर्षे होत आला. तो दावा आता तसाच ठेवता येत नाही. कंबोडियातल्या सांबोर इथल्या शिलालेखात शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, हे साल लिहिताना शून्यासाठी ठिपका कोरलेला आहे, आणि बख्शाली हस्तलिखिताच्या काळाबद्दल विद्वानांत अजून वाद आहे. पण पहिल्या क्रमांकाच्या चढाओढीत ग्वाल्हेरच्या लेखाचे खरे मोल हरवते. हा लेख कोणा गणितज्ञाचा ग्रंथ नाही. जमिनीची मापे आणि फुलमाळांचा हिशेब लिहिताना शून्य वापरले आहे आणि ते समजावून सांगण्याची गरज लेख कोरवणाऱ्याला वाटलेली नाही. इसवी सन ८७६ मध्ये ग्वाल्हेरला ही पद्धत रोजच्या व्यवहारातली झाली होती, याचा याहून चांगला पुरावा काय हवा?

आता त्या अंकांकडे लक्ष द्या. ९३३ मध्ये तीन हा अंक दोनदा आला आहे. दोन्ही चिन्हे एकसारखी, पण डावीकडचा तीन म्हणजे तीस आणि उजवीकडचा म्हणजे नुसते तीन. चिन्हाची किंमत त्याच्या जागेवर ठरते आणि एक घर डावीकडे सरकले की ती दहापट होते. २७० मधले शून्य ही जागा धरून ठेवते. ते पुसले तर बाग २७ हातांची होईल. पण लेखातला अंक पुसल्याने जमिनीवरची बाग आकसत नाही. बागेची लांबी ही एक गोष्ट आणि २७० ही तीन चिन्हे ही दुसरी. चिन्हे म्हणजे त्या लांबीचे या पद्धतीतले नाव. हा फरक इथे अगदी उघड वाटतो. पुढे नऊंची रांग लागली की माणूस नेमका हाच फरक विसरतो.

डावीकडे सरकताना दहापट, तर उजवीकडे सरकताना एकदशांश. एककाच्या घरावर न थांबता तसेच उजवीकडे जावे, ही कल्पना आज किती साधी वाटते! पण तिला वेळ लागला. आपल्याकडे अपूर्णांक अंशाखाली छेद मांडून लिहीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) त्यांचे सगळे गणित त्याच मांडणीत चालते. दशांश अपूर्णांक दहाव्या शतकात दमास्कसच्या अल-उक्लिदिसीकडे दिसतात, १४२७ मध्ये समरकंदच्या अल-काशीने ते पद्धतशीर मांडले, आणि युरोपात १५८५ मध्ये सिमॉन स्टेविनच्या छोट्या पुस्तिकेने त्यांचा प्रसार केला. आपला प्रश्न उजवीकडच्या या घरांमुळेच उद्भवतो. डावीकडची घरे कुठेतरी संपावीच लागतात, नाहीतर संख्या हाताबाहेर जाते. उजवीकडची घरे न संपता चालू शकतात, कारण प्रत्येक घर आधीच्यापेक्षा दहापट लहान आहे.

३. एका रुपयाचे तीन वाटे

१ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता आणि आणा बारा पैंचा. म्हणजे रुपयात १९२ पै. तिघा भावांत एक रुपया वाटायचा तर प्रत्येकाला ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. वाटणी पुरी झाली, बाकी काही उरली नाही. १ एप्रिलपासून रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आता तिघांना तेहतीस-तेहतीस पैसे द्यावेत तर एक पैसा उरतो. त्या पैशाचे दहा भाग करून तीन-तीन द्यावेत तर पुन्हा एक भाग उरतो, त्याचे दहा केले तर पुन्हा एक. १ ला ३ ने भागताना कागदावर हेच घडते: प्रत्येक पायरीला भागाकारात ३ येतो, बाकी १ राहते, आणि बाकी तीच असल्याने पुढची पायरीही तीच होते. उत्तर ०.३३३… असे चालूच राहते.

रुपयाचा तिसरा हिस्सा ३१ मार्चच्या रात्री बदलला का? मुळीच नाही. तो होता तेवढाच राहिला, त्याला लिहिण्याची चौकट बदलली. १९२ ला तीनने भाग जातो, दहाला, शंभराला, हजाराला जात नाही, एवढाच फरक. उलट रुपयाचे पाच वाटे करायला गेलो तर जुन्या नाण्यांत ३८ पै देऊन दोन पै उरत, आणि नव्यात वीस-वीस पैशांची चोख वाटणी होते. प्रत्येक पद्धतीला काही अपूर्णांक सोपे जातात, काही जात नाहीत. दहाचे मूळ अवयव २ आणि ५ हेच असल्याने, अतिसंक्षिप्त रूपात ज्याच्या छेदात २ आणि ५ यांच्याखेरीज दुसरा कोणताही मूळ अवयव नाही, तोच अपूर्णांक दशांशात थांबतो. १/८ थांबतो (०.१२५), १/२० थांबतो (०.०५), १/३ आणि १/७ थांबत नाहीत. अंकांचे न थांबणे हा संख्येतला काही दोष नव्हे, तो तिचा दहाशी असलेला संबंध आहे. एक तृतीयांश ही पूर्ण, ठाम, जागच्या जागी असलेली संख्या आहे. पाच आणे चार पै देणाऱ्या वाण्याला ती कधी अपुरी वाटली नाही.

१/७ बद्दल इथे थोडे थांबण्याजोगे आहे. तो ०.१४२८५७१४२८५७… असा सहा-सहा अंकांनी फिरतो. त्या सहांचे दोन तुकडे केले, १४२ आणि ८५७, तर बेरीज ९९९ येते. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ज्या संख्या ओळखल्या जातात त्यांत १४२८५७ आहे: तिचा वर्ग २०४०८१२२४४९, त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून मिळवले की पुन्हा १४२८५७. ९, ९९, ९९९ याही कापरेकर संख्याच आहेत. नऊंची ही जवळीक उगाच नाही. दहातून एक वजा केला की नऊ येतात, आणि आवर्ती दशांशाच्या प्रत्येक गमतीमागे हेच असते. आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की १४२८५७ ला सातने गुणले तर ९९९९९९ येते. म्हणजे १/७ ची सातपट अंकागणिक केली तर ०.९९९९९९… मिळते, आणि १/७ ची सातपट तर १ आहे.

४. पटकन पटणारे पुरावे

वर जे सातच्या बाबतीत झाले तेच तीनच्या बाबतीत अधिक प्रसिद्ध आहे. १/३ = ०.३३३…; दोन्ही बाजूंना तीनने गुणा; १ = ०.९९९…. पुष्कळ लोक इथे समाधान पावतात. पण नेटाने विचार करणारा माणूस म्हणतो, 'मग ०.३३३… हेही बरोबर १/३ नाही, थोडेसे कमीच आहे.' त्याची हरकत रास्त आहे. तीन घरांपर्यंत भागाकार केला तर ०.३३३ आणि उरलेला १/३०००, असे दोन्ही मिळून १/३ होतात. बाकी कधीच शून्य होत नाही. म्हणून या पुराव्याने शंका मिटत नाही, ती नऊंवरून तिनांवर सरकते.

दुसरा पुरावा पाठ्यपुस्तकातला. क्ष = ०.९९९… माना. दहाने गुणले की दशांश चिन्ह एक घर सरकते: १०क्ष = ९.९९९…. वजाबाकी केली की नऊंच्या शेपट्या एकमेकींना खोडतात, ९क्ष = ९ उरते, क्ष = १. उत्तर बरोबर आहे, पण ही युक्ती एकटी विश्वासार्ह नाही, आणि ते तपासून पाहता येते. तीच युक्ती डावीकडे न संपणाऱ्या नऊंना लावा. क्ष = …९९९, म्हणजे ९ + ९० + ९०० + ९००० आणि असेच पुढे. दहाने गुणले की …९९९०, म्हणजे मूळ संख्येपेक्षा नऊ कमी. तर १०क्ष = क्ष − ९, म्हणून ९क्ष = −९, आणि क्ष = −१. धन संख्या मिळवत गेलो आणि हाती ऋण एक आला! वजाबाकीत चूक नाही. चूक पहिल्याच ओळीत आहे: 'क्ष ही एक संख्या आहे' असे आपण न विचारता मानले. ९, ९९, ९९९, ९९९९ हे आकडे कुठल्याही मर्यादेपलीकडे जातात; संख्यारेषेवर त्यांच्यासाठी मुक्कामाची जागाच नाही. (जवळ आणि दूर यांचा अर्थच बदलून अशा डाव्या रांगांनाही सुसंगत अर्थ देणारे एक वेगळे अंकगणित आहे. त्याची सुरुवात १८९७ मध्ये जर्मन गणितज्ञ कुर्ट हेन्झेल याने केली. पण ती आपली नेहमीची संख्यारेषा नव्हे.)

म्हणून खरा प्रश्न असा मांडला पाहिजे: उजवीकडे न संपणाऱ्या नऊंची बेरीज एखाद्या ठरावीक संख्येला नेमते, हे कशावरून? आणि ती संख्या एकच आहे, त्याहून किंचित कमी नाही, हे कशावरून?

५. नीलकंठांचा प्रश्न

हाच प्रश्न केरळच्या गणितपरंपरेत जवळजवळ याच शब्दांत विचारलेला आहे. नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी आर्यभटीयावर भाष्य लिहिले. त्यात वर्तुळाच्या लहान कंसाची लांबी काढताना एक न संपणारी बेरीज येते: १/४, अधिक त्याचा चौथा हिस्सा, अधिक त्याचाही चौथा हिस्सा, असे अखंड. बेरीज १/३ होते, असे सांगून नीलकंठ तिथे थांबत नाहीत. ते स्वतःच शंका काढतात: ही बेरीज वाढत वाढत तेवढ्यापर्यंतच जाते, पुढे जात नाही, आणि तेवढ्यापर्यंत खरोखर जाते, हे कसे समजायचे? शंकेचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. पहिला भाग वरच्या मर्यादेचा, दुसरा भाग ती मर्यादा गाठण्याचा. आज वर्गात थबकणाऱ्या मुलाची शंका पहिल्या भागाबद्दल नसते. नऊंची रांग एकच्या पुढे जात नाही हे त्याला दिसत असते. त्याची शंका दुसऱ्या भागाची आहे.

नीलकंठांचे उत्तर हिशेबाच्या एका सुरेख शिस्तीत आहे: प्रत्येक पायरीला किती मिळाले याबरोबरच किती उरले हेही मांडायचे. १/३ म्हणजे १/४ आणि वर १/१२. तो १/१२ म्हणजे १/१६ आणि वर १/४८. तो १/४८ म्हणजे १/६४ आणि वर १/१९२. कुठल्याही पायरीला थांबा, उरलेला भाग शेवटच्या पदाच्या बरोबर एक तृतीयांश असतो. कमी नाही, जास्त नाही. प्रत्येक पद आधीच्या पदाच्या चौथाई असते, म्हणून उरलेला भागही दर पायरीला चौथाई होत जातो.

हीच शिस्त आपल्या नऊंना लावू. १ म्हणजे ०.९ आणि वर १/१०. १ म्हणजे ०.९९ आणि वर १/१००. १ म्हणजे ०.९९९ आणि वर १/१०००. या प्रत्येक ओळीत 'जवळजवळ' असा शब्द नाही. प्रत्येक ओळ तंतोतंत खरी आहे. अखंड रांगेचा अर्थ लावताना आपल्याला एवढेच विचारायचे आहे, की ०.९, ०.९९, ०.९९९ या साऱ्यांपैकी कोणाहूनही लहान नाही अशी सर्वात लहान संख्या कोणती? एक ही संख्या त्यांच्यापैकी कोणाहूनही लहान नाही, हे उघड आहे. एकपेक्षा लहान असा दुसरा उमेदवार चालेल का? समजा कोणी ०.९९९९८ पुढे केला. पाच नऊंची पायरी, ०.९९९९९, त्याला मागे टाकते. कोणी एकाहून फक्त एक अब्जांश कमी संख्या आणली तर दहा नऊंची पायरी तिलाही मागे टाकते, कारण तिथे उरलेला भाग अब्जांशाचाही दहावा हिस्सा आहे. एकपेक्षा कमी असलेली कोणतीही संख्या एकपासून काहीतरी अंतरावर असते, आणि ते अंतर कितीही लहान असो, पुरेसे नऊ लिहिल्यावर उरलेला भाग त्याहून लहान होतो. म्हणून एकाखालचा प्रत्येक उमेदवार बाद होतो. उरतो तो एकच.

आवर्ती दशांशाचा, किंबहुना कुठल्याही न संपणाऱ्या दशांशाचा अर्थ हाच असतो. २ च्या वर्गमुळाचे १.४१४२१३… हे अंक कधी संपत नाहीत आणि कधी चक्रही धरत नाहीत, तरी एक हात बाजूच्या चौरसाचा कर्ण ठामपणे तेवढा असतोच. ते टिंब-टिंब म्हणजे 'कोणीतरी अजून लिहीत आहे' असे नाही. ही सगळी रांग एकत्रितपणे ज्या एका संख्येला नेमते ती संख्या, असा त्याचा अर्थ.

६. 'पण पोचत तर नाही ना?'

सर्वात चिवट हरकत ही आहे, आणि तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. ०.९ पोचत नाही, ०.९९ पोचत नाही, दहा लाख नऊ लिहिले तरी पोचत नाही. बरोबर. रांगेतली एकही पायरी एकला पोचत नाही, आणि पोचते असे कोणी म्हणतही नाही. पण ०.९९९… ही त्यांपैकी कोणतीही पायरी नाही. पायरीत नऊ मोजके असतात, इथे मोजके नाहीत. पायऱ्यांबद्दल जे खरे ते त्या सगळ्या मिळून ज्या संख्येला नेमतात तिच्याबद्दलही खरे असलेच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही. मनात आपण नऊंना चालताना पाहतो, एकेक पाऊल टाकत एकच्या दारापर्यंत जाताना. आणि चालणारा पोचलेला दिसत नाही म्हणून संख्याही पोचली नाही असे वाटते. संख्या चालत नसते. चालतो तो आपला लिहिणारा हात.

दुसरी हरकत: दोघांत फरक आहेच, तो ०.०००…१ एवढा. हे लिहायला सोपे आहे, पण याचा अर्थ लावून पाहा. तो १ कितव्या घरात आहे? शंभराव्या घरात म्हणाल तर शंभर नऊंनंतर रांग संपली असे होईल. शून्ये कधीच संपत नसतील तर त्यांच्या 'नंतर' घरच नाही. दशांशातल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो, पहिले, दुसरे, शंभरावे. 'अनंतानंतरचे' असे घर या पद्धतीत नाही. याच हरकतीला वेगळ्या बाजूनेही तपासता येते. समजा फरक आहे आणि तो फ आहे. म्हणजे १ − ०.९९९… = फ. दोन्हींना दहाने गुणले तर १० − ९.९९९… = १०फ. पण १० आणि ९.९९९… या दोन्हींतून नऊ काढले तर पुन्हा १ आणि ०.९९९… उरतात, म्हणजे तोच फरक, फ. तर दहा फ आणि एक फ सारखेच. अशी एकच संख्या आहे: शून्य. चौथ्या कलमात ज्या युक्तीवर मी अविश्वास दाखवला तिचेच हे रूप आहे, पण आता ती वापरायला हरकत नाही, कारण बेरीज खरोखर एका संख्येला नेमते हे आपण आधी दाखवून घेतले आहे.

तिसरी हरकत अभ्यासू वाचकाची: शून्याहून मोठी पण कुठल्याही नेहमीच्या अपूर्णांकाहून लहान, अशी अतिसूक्ष्म राशी मानली तर? हा विचार खुळचट नाही. लायब्निझच्या काळापासून गणितज्ञ अशा राशी वापरत आले आणि १९६० च्या दशकात अब्राहम रॉबिन्सन याने त्यांना तर्कशुद्ध पाया दिला. पण त्या विस्तारलेल्या संख्याविश्वातही घराघरात, एकही घर न वगळता, नऊ भरले तर मिळणारी संख्या एकच असते. कुठल्यातरी प्रचंड दूरच्या घरावर नऊ थांबवले तर मात्र अतिसूक्ष्म फरक राहतो. पण मग ती थांबलेली रांग झाली, आपण विचारलेली नव्हे.

उरते ती तक्रार, की हे सगळे गणितज्ञांनी सोयीने ठरवले. अर्थ ठरवावा लागतो, हे खरे आहे. निसर्गात टिंब-टिंब उगवत नाहीत. पण ठरवण्याला मोकळे रान नाही. ०.९९९… आणि १ वेगळे मानायचे असतील तर त्या दोघांच्या मधोमध त्यांची सरासरी असली पाहिजे. तिचे अंक काय लिहाल? प्रत्येक घरात नऊ आधीच बसला आहे, त्याहून मोठा अंक नाही. म्हणजे जिला लिहिताच येत नाही अशी संख्या मान्य करावी लागेल, नाहीतर दोन संख्यांची सरासरी काढता येते हा साधा व्यवहार सोडावा लागेल. १/३ ची तिप्पट १ नाही, हेही स्वीकारावे लागेल. एवढे सगळे मोडून मिळणार काय, तर डोळ्याला वेगळी दिसणारी दोन रूपे वेगळी ठेवल्याचे समाधान. हा सौदा कोणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

७. दोन रूपे कुठून येतात

संख्यारेषेवर ० ते १ हा तुकडा घ्या आणि त्याचे दहा सारखे भाग करा. पहिल्या भागातल्या संख्यांचा दशांशानंतरचा पहिला अंक ०, दुसऱ्यातल्यांचा १, शेवटच्या भागातल्यांचा ९. प्रत्येक भागाचे पुन्हा दहा भाग केले की दुसरा अंक मिळतो, असे करत जायचे. दशांश रूप म्हणजे या खोल्यांत खोल्या असलेल्या घरातला पत्ता. आता नेमक्या भिंतीवर बसलेल्या संख्येचे काय? ०.५ ही संख्या पाचव्या भागाचा शेवट आहे आणि सहाव्या भागाची सुरुवातही. डावीकडच्या खोलीतून पत्ता लिहायला घेतला तर पहिला अंक ४ आणि मग प्रत्येक वेळी उजवीकडची शेवटची खोली, म्हणून ०.४९९९…. उजवीकडच्या खोलीतून घेतला तर ०.५००००…. शनिवारचे रात्रीचे चोवीस आणि रविवारचे शून्य वाजणे हा जसा एकच क्षण, तसेच हे. एकवर भिंत आहेच, म्हणून १.०००… आणि ०.९९९….

यावरून कोणत्या संख्यांना दोन रूपे आणि कोणत्यांना एकच, हेही ठरते. कधीतरी भिंतीवर येणाऱ्या, म्हणजे खंडित दशांश रूप असलेल्या संख्यांना दोन, शून्य सोडून. २७० ला २६९.९९९…, ०.१२५ ला ०.१२४९९९…. १/३ कधीच दहाच्या भिंतीवर येत नाही, प्रत्येक वेळी खोलीच्या आत राहतो, म्हणून त्याला एकच. दोनच्या वर्गमुळालाही एकच.

पाया बदलून सुटका होत नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१११… म्हणजे अर्धा, पाव, आठवा हिस्सा आणि असेच अखंड पुढे यांची बेरीज, आणि ती एकच होते. सोळाच्या पायावरही तेच: रुपयातले पंधरा आणे, मग उरलेल्या एका आण्याचे पंधरा सोळांश, मग उरलेल्याचे पंधरा सोळांश, असे न थांबता घेतले की सोळा आणे पुरे. खोल्या कितीही केल्या तरी दोन शेजारच्या खोल्यांमध्ये भिंत सामाईक असणारच.

मनात आणले तर यांतले एक रूप वापरायचे नाही असे ठरवता येते, आणि न संपणारे नऊ टाळावेत असा संकेत अनेक पुस्तके पाळतातही. पण संकेत विसरला तर चुकतो, याचे नामांकित उदाहरण गेऑर्ग कँटरच्या १८९१ च्या युक्तिवादाशी जोडलेले आहे. सर्व दशांश संख्यांची यादी केली असे कोणी म्हटले, तर यादीतल्या पहिल्या संख्येचा पहिला अंक बदलायचा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. बदललेल्या अंकांनी बनलेली संख्या यादीतल्या प्रत्येकीपेक्षा निदान एका घरात वेगळी, म्हणून यादीबाहेरची. पण समजा अशी बनवलेली संख्या ०.४९९९… निघाली आणि यादीत ०.५०००… आधीच असेल तर? अंक सगळीकडे वेगळे, संख्या तीच, आणि युक्तिवाद तिथेच कोसळतो. म्हणून नवा अंक निवडताना ० आणि ९ हे दोन्ही अंक अजिबात वापरायचे नाहीत, अशी अट घालतात. ज्या संख्येच्या रूपात ० किंवा ९ कुठेच येत नाही तिला दुसरे रूप नसते.